निपाणीच्या वखारीतली १९६६ ची मस्टँग: मूळ २८९ इंजिन परत बसवालोय, डॅम्पर आणि हेडचं काय करू?

मच्छे_लेथ
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बेळगावजवळ मच्छेला माझं जॉबवर्कचं शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. दिवसभर हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड आणि पंपाचे शाफ्ट. इंजिनातला माणूस मी नव्हे, म्हणून लाज सोडून विचारालोय.

गाडी निपाणीच्या मामांची. फोर्ड मस्टँग, दोन दारी, स्टेअरिंग डावीकडे. मामांचा तंबाखूचा व्यापार. १९७४ मध्ये एसटीसीच्या (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन) लिलावात घेतली, वकिलातींच्या गाड्या तेव्हा तिथून निघायच्या. १९८६ ला पेट्रोल परवडेना म्हणून व्ही-८ उतरवला आणि जीपचं डिझेल इंजिन घातलं. मग गाडी अशी थरथरायला लागली की मामी माहेरी संकेश्वरला बसनं जायची पण हिच्यात बसायची नाही. दोन वर्षांत गाडी वखारीच्या मागच्या भिंतीला लागली, ती गेल्या दिवाळीपर्यंत तिथंच.

मूळ इंजिन, २८९ घन इंचांचं, मामांनी विकलं नाही, एवढं नशीब. सुटं करून, गोणपाटात गुंडाळून पाच लाकडी खोक्यांत ठेवलेलं. सगळ्यावर बोटभर जर्दा. आजही कार्ब्युरेटर हातात घेतला की मला चार शिंका येतात. पण गंज म्हणाल तर फार नाही.

डाव्या ॲप्रनवरची (बॉनेटखालचा आतला पत्रा) काजळी पुसून चासीचा नंबर वाचला, सुरुवात ‘६ टी ०७ सी’. ब्लॉकवर ‘सी६एई-६०१५’ असं ओतलंय. बोअर मोजला: खाली १०१.६, वर रिंगच्या जागी १०१.८, नखाला पायरी लागते. क्रँकचे बिगेंड जर्नल किंचित लंबगोल आहेत.

अडचणी अशा. पुढचा डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं, थरथर मारणारं चाक) कुठल्याच खोक्यात नाही. कुर्ल्याचा एक जण म्हणालाय, फोर्डच्याच नंतरच्या ३०२ इंजिनाचा आहे, १९८० नंतरचा, ब्लॉक एकच, चार बोल्टची पुली, डोळे झाकून बसतो, १४ हजार. घेऊ काय? डाव्या हेडला सातव्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपासून चीर गेलीय. उद्यमबागेतला एक फौंड्रीवाला दोस्त म्हणालाय, काळजी कशाला, नवीन हेडच ओतू. वॉटर पंपाची बॉडी खाऊन चाळणी झालीय. पिस्टनला शेजारचा बोअरिंगवाला म्हणतोय, ट्रॅक्टरचा जवळपासच्या मापाचा बघू, डोकं टर्न करू. दोन हेडबोल्टच्या भोकांत कुणीतरी एम-१२ चा टॅप घुसवलाय, तो माणूस सापडला तर बरं होईल.

फ्लायव्हीलची चिंता मात्र मिटली. परवाच बॅलन्स करून आणलं, एकदम शून्यावर. मशीनवरचा पोरगा म्हणाला, एवढं आऊट फ्लायव्हील उभ्या जन्मात बघितलं नाही, ११ भोकं पाडावी लागली.


शिरोली_नाका
रविवार, रात्री १०:०५

काय राव, एवढा कुटाणा कशाला? इनोव्हाचं डिझेल घाला, एसी लावा, मामांना महाबळेश्वर दाखवून आणा. नाद खुळा.


मच्छे_लेथ
रविवार, रात्री १०:२०

डिझेल एकदा घालून झालंय भावा. मामीला विचार.


जुना_स्पॅनर
सोमवार, सकाळी ६:३०

मी शहापूरचा. १९७१ ते १९९४ मुंबईत, गिरगावातल्या गॅरेजात होतो. इम्पाला, डॉज, प्लायमाउथ, दोन-तीन मस्टँगपण हाताखालून गेल्या. आता गुडघे गेलेत, म्हणून सल्ले देतो.

बाळा, आधी फ्लायव्हील. तुझ्या सगळ्या मजकुरातली सर्वांत वाईट बातमी तू खूशखबर म्हणून शेवटच्या ओळीत टाकलीस. ते फ्लायव्हील आऊट नव्हतं, ते तसंच पाहिजे होतं. फोर्डच्या २८९ आणि ३०२ मध्ये क्रँकच्या स्वतःच्या काउंटरवेटनं पूर्ण तोल साधत नाही. राहिलेलं वजन मुद्दाम बाहेर ठेवलंय: पुढं डॅम्परमध्ये, मागं फ्लायव्हीलमध्ये. १९८१ पर्यंत हा हिशेब २८ औंस-इंचाचा, १९८२ पासून ५० चा. आपल्या मापात २८ म्हणजे २०,००० ग्रॅम-मिलिमीटर. सव्वाशे मिमी त्रिज्येवर १६० ग्रॅमचा गोळा चिकटवलाय असं समज. तुझ्या पोरानं तो गोळा काढून टाकला. त्याची चूक नाही, पंपाचं फ्लायव्हील असतं तर त्याला बक्षीस दिलं असतं.

आता कुर्ल्याचा डॅम्पर. डोळे झाकून बसतो हे खरं आहे. क्रँकच्या नाकावर सरकतो, चावी जुळते, बोल्ट आवळला जातो. म्हणूनच तो घातक. मीच केलंय हे. १९९० च्या सुमाराला गोव्यातल्या एका बोटीचं जुनं ३०२ माझ्याकडे आलं. डॅम्परचं रबर सुटलेलं. मिळाला तो नंतरचा बसवला, मालकाला घाई होती, मलापण. इंजिन सुरू केलं, आवाज गोड. चहाचा ग्लास एअर क्लीनरवर ठेवला आणि बोलत उभा राहिलो, तर ग्लास आपला चालत चालत कडेला आला आणि खाली. हसलो सगळे. महिन्याभरात मेन बेरिंगची पितळ दिसायला लागली, तेव्हा हसू गेलं. क्रँक माझ्या खर्चानं करून दिला.

तुझ्या १९६६ च्या पुलीला तीन बोल्ट. चार बोल्टची पुली १९७० पासून आली. पण नुसते चार बोल्ट बघून ५० चा म्हणू नकोस, १९७० ते १९८१ चे चार बोल्टवाले २८ चेच आहेत. कुर्लेवाला स्वतःच १९८० नंतरचा म्हणतोय, म्हणजे २८ पण असेल, ५० पण. त्याला सालच सांगता येत नसेल तर १४ हजार खिशात ठेव. शिवाय टाइमिंगच्या खुणा, पुढचं कव्हर, पंप आणि डॅम्पर हे एका घरातले पाहिजेत. तुझ्या गाडीत रेडिएटरची खालची नळी उजवीकडून पंपात येते. १९७० नंतरच्या पंपात ती डावीकडून. एक वस्तू नव्या काळातली घेतलीस की बाकीच्या तिघी रुसल्या.

ट्रॅक्टरचा पिस्टन: नाही. डिझेलचा पिस्टन जड, पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची वेगळी, रिंगा जाड. टर्न करून उंची आणशील, वजन कुठून उतरवशील? ३०२ चा बोअर तुझ्याएवढाच, ४ इंच. स्ट्रोक वेगळा, २.८७ ऐवजी ३ इंच. पण त्यांनी कनेक्टिंग रॉड तेवढा आखूड केला, त्यामुळे पिस्टनची उंची तीच राहिली. पिनपण तीच. म्हणून ३०२ चे पिस्टन तुझ्यात चालतात, आणि ३०२ नंतर इतकी वर्षं निघत राहिलं की त्याचे पिस्टन अमेरिकेत शेंगदाण्यासारखे मिळतात. ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजचे ८ मागव. पिस्टन हातात आल्यावर, प्रत्येक मोजून मगच बोअर करायला दे. आधी बोअर केलास तर बोअरिंगवाला आणि तू, दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं.

प्लगचं कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. या हेडला १८ मिमीचे प्लग, खाली उतरती बैठक, वॉशर लागत नाही. आपल्या दुकानात सगळे १४ चे. बुश घालून १४ चा बसवू म्हणणारा भेटेल. त्याला चहा पाज आणि घरी पाठव. मुंबईत ऑपेरा हाउसला जुन्या साठ्यात शोध.

‘६ टी ०७ सी’ म्हणजे १९६६, न्यू जर्सीतला मेटाचन कारखाना, हार्डटॉप, २८९ दोन बॅरल कार्ब्युरेटरवाला. गाडी आणि खोकी एकाच घरची दिसतात.


बीडवाला_उद्यमबाग
सोमवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

हेड ओतायचं म्हणणाऱ्या दोस्ताला नमस्कार सांगा. हौस चांगली आहे. पण एका हेडसाठी पॅटर्न, पाण्याच्या जॅकेटचा कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), इनटेक-एक्झॉस्टच्या आठ पोर्टचे कोअर, त्यांची कोअरबॉक्स... नाकापेक्षा मोती जड. आणि फोर्डनं हे इंजिन पातळ भिंतीच्या कास्टिंगनं केलंय, म्हणूनच बीडाचं (कास्ट आयर्नचं) असून अख्खं इंजिन २१० किलोच्या आसपास आहे. तसल्या कास्टिंगमध्ये जॅकेटचा कोअर दीड मिमी हलला तर एका बाजूची भिंत पापडासारखी होते. पहिले चार-पाच नग भंगारात घालायची तयारी पाहिजे.

तो असंही म्हणेल की जुनं हेडच वाळूत दाबून साचा काढू. काढू देऊ नका. बीड गोठताना मीटरला १० मिमी आकसतं. तुमच्या इंजिनात दोन सिलिंडरच्या केंद्रांत ४.३८ इंच, म्हणजे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरपर्यंत ३३४ मिमी. त्याचा १ टक्का सव्वातीन मिमी. त्या हेडचे बोल्ट भोकांत जाणार नाहीत, गेले तर चेंबर बोअरवर येणार नाही.

चीर दुरुस्त होते. आधी हेड केमिकलमध्ये बुडवून साफ करा आणि डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंग) मारा. डोळ्याला दिसते त्यापेक्षा चीर लांब असते, हे ठरलेलं. ती सीटमध्येच थांबत असेल तर सीट खोदून कडक इन्सर्ट बसवा, चिरेचं तोंड त्याखाली जातं. असंही एक्झॉस्टला कडक सीट लागणारच. २००० सालापासून देशात शिशाचं पेट्रोल बंद आहे आणि या हेडच्या सीट बीडात कोरलेल्या आहेत, त्या शिशाच्या भरवशावर होत्या. चीर जॅकेटपर्यंत गेली असेल तर मेटल स्टिचिंग: टोकाला भोक पाडून चीर थांबवायची आणि एकात एक अडकणाऱ्या पिना घालत जायचं. वेल्डिंगच करायचं तर निकेलचा रॉड, आधी हेड सगळीकडून सारखं तापवून, आणि नंतर चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर. उघड्यावर पंख्याखाली ठेवलं की शेजारीच दुसरी चीर. शेवटी गरम पाण्यानं प्रेशर टेस्ट.

ओतायची खाज असेलच तर पंपाची बॉडी ओता. कोअर साधा, आणि बेरिंगची बैठक, इंपेलरची फट हे तर तुमचं रोजचं काम. तिचा पॅटर्न मी करून देतो, दोस्ताला भट्टी लावू दे.


मच्छे_लेथ
सोमवार, रात्री ११:५०

काका, तुमचं वाचून सकाळचा चहा घशाखाली उतरला नाही. दुपारी शेड बंद करून फ्लायव्हील टेबलावर घेतलं. ११ भोकं, सगळी एका बाजूला, १२ मिमी ड्रिल, २० खोल, केंद्रापासून १३० वर, एकमेकांपासून १० अंशांवर. एका भोकातून १६.३ ग्रॅम बीड गेलं. भोकं कमानीत पसरलीत म्हणून कोनाचा हिशेब घातला, तर एकूण १९,९०० ग्रॅम-मिमी आलं.

तुम्ही २०,००० म्हणाला होता. मशीनवरच्या पोराला मनात शिव्या देत होतो, आता त्याचा हात मानावा लागेल. फोर्डनं घातलेलं वजन त्यानं जवळजवळ ग्रॅमपर्यंत उचलून काढलंय.

मग एक डोकं चाललं. वजन कुठल्या बाजूला होतं याला ती भोकंच साक्षीदार आहेत. त्यांत आटे पाडून पोलादी ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) भरले आणि मशीनवर २८ ला आणलं तर? माझ्याकडे सगळं आहे, एक दिवसाचं काम.

हेड मात्र बीडवाल्या साहेबांच्या सांगण्यानं करालोय. पेनिट्रंट मारून बघितलं. दिसत होती १४ मिमी, निघाली २२. पण जॅकेटपर्यंत नाही. सीट खोदायची ठरलीय. दोस्त नाराज झाला होता, पंपाच्या बॉडीवर समजूत घातली.


जुना_स्पॅनर
मंगळवार, सकाळी ६:१०

मोजणी बघून बरं वाटलं. पण ग्रब स्क्रू नको. हे फ्लायव्हील बीडाचं, ६० वर्षांचं, त्यात आता ११ भोकं कडेला ओळीनं. इंजिन ५,००० फेऱ्यांवर गेलं की एक स्क्रू सुटला तरी तो बेलहाउसिंग फोडून येतो, आणि बेलहाउसिंगच्या शेजारी काय असतं? तुझे दोन पाय. लेथवर चकमधून उडालेला जॉब कधी बघितला असशील, त्याची आठवण काढ.

नवीन घे. २८ औंस, १५७ दात, १० इंची क्लचचं. हे तीन आकडे विक्रेत्याकडून लिहून घे. डॅम्परपण त्याच पार्सलमध्ये, २८, तीन बोल्ट. कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून दुखेल, पण एकदाच दुखेल. मग क्रँक, डॅम्पर, फ्लायव्हील, आणि एका जोडीच्या पिस्टन-रॉडचं वजन असं सगळं एकत्र बॅलन्सिंगला दे. त्या पोराला आधीच सांग की हे शून्यावर आणायचं नाही.

एम-१२ चे आटे: ते भोक मूळचं ७/१६ इंच, १४ आट्यांचं यूएनसी. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाल. तिथं ९ ते १० किलो-मीटरचा टॉर्क येतो, एम-१२ चा बोल्ट घालून पुढं जाऊ नकोस.


चिक्कोडीकर
मंगळवार, दुपारी ३:३०

इंजिनातलं मला कळत नाही, पण कागद बघा आधी. डिझेल इंजिन घातलं तेव्हा आरसी बुकात नोंद केली होती का? माझ्या वडिलांच्या डॉजमध्ये असंच झालं होतं. गाडीत पेट्रोल, कागदावर डिझेल, आणि आम्ही केए-२३ च्या, म्हणजे चिक्कोडी आरटीओच्या खिडकीपुढं.

मूळ इंजिन परत येतंय हे तुमच्या फायद्याचंच आहे. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांवरची गाडी, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नको, अशी त्यात अट आहे. नोंदणी १० वर्षांची, फी २० हजार, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. इनोव्हाचं इंजिन घातलं असतं तर हे दार बंद होतं. शिरोलीकरांनी राग मानू नये.


जुना_स्पॅनर
मंगळवार, संध्याकाळी ७:४५

चिक्कोडीकरांनी चांगलं काढलं. त्यात एक भर. १९६८ च्या आधी साध्या २८९ च्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकायची पद्धत नव्हती. इन्स्पेक्टर इंजिन नंबर मागेल आणि तू ब्लॉकभर टॉर्च मारत बसशील. आरसीत बहुतेक चासीचाच नंबर इंजिन नंबर म्हणून लिहिलेला असेल. ओतीव नंबरांचे आणि तारखेच्या कोडचे फोटो काढून ठेव, इंजिन खाली बसल्यावर दिसत नाहीत. तारखेत पहिला आकडा साल, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस.


मच्छे_लेथ
बुधवार, रात्री १०:३०

आरसी बघितली. इंधन डिझेल. इंजिन नंबरच्या जागी जीपच्या इंजिनाचा नंबर, पण त्याच्यावर १९७४ ची मूळ नोंद खोडलेली दिसते, आणि ती काकांनी म्हटल्याप्रमाणे चासीचाच नंबर आहे. मामांनी लिलावाची पावती जपलीय, तंबाखूच्या वह्यांत. शनिवारी चिक्कोडीला जातो.

ब्लॉकवरचा तारखेचा कोड ‘६ ए १२’, म्हणजे १२ जानेवारी १९६६. मामींना सांगितलं, गाडीच्या इंजिनाचा वाढदिवस संक्रांतीच्या तोंडावर येतो. त्या म्हणाल्या, मग तिळगूळ घालून सुरू होतंय का बघ.

डॅम्पर, फ्लायव्हील, पिस्टन एकत्र मागवले. कुर्लेवाल्याला साल विचारलं, त्यानं फोनच ठेवला.

आता एकच. क्रँकच्या मागचं सील दोरीचं आहे, नवीन रबरी दोन तुकड्यांचं आलंय. मागच्या मेन कॅपच्या खोबणीत एक बारीक पिन उभी आहे. ती असू दे की काढू?


जुना_स्पॅनर
गुरुवार, सकाळी ६:०५

काढ. ती दोरी धरून ठेवायला होती, रबरी सीलला ती फाडते. मागून हळू ठोकून बाहेर घे.


मच्छे_लेथ
गुरुवार, सकाळी ८:५०

निघाली. तिच्या भोकातून तेल येईल ना? सीलंट भरू?


जुना_स्पॅनर
गुरुवार, सकाळी ८:५५

थेंबभर. चमचाभर नव्हे.